श्री. डिलको यांस

इंग्रजी मसुद्यात माझी चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ही बढाई नव्हे. खडकीच्या कचेरीत मी बावीस वर्षं कलम चालवतो आहे. तीन गोरे साहेब आणि दोन आपले साहेब माझ्या मसुद्यांवर न वाचता सह्या करून मोकळे झाले. असं असताना आज चिंचवडात मला पाहून लोक तोंडाला उपरणं लावतात, याचा मला संताप येऊ नये तर काय यावं? म्हणून झालं ते सगळं एकदा माझ्या बाजूने सांगून टाकतो. मग काय हसायचं ते हसा.

ज्या लॉरीपायी हे झालं ती माझी नव्हे, आमच्या कन्याशाळा सोसायटीची. लढाई संपल्यावर सरकारने लष्करी वाहनं मोडीत काढली, त्यातली ही बेचाळीस सालची, सहा सिलिंडरची. मी सोसायटीचा सेक्रेटरी. शाळेच्या चार भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ होतं. दुर्गाबाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका (आणि एकुलत्या एक शिक्षिकाही त्याच), त्या भिंतींच्या आत सदतीस मुलींना उन्हात बसवून शिकवत. फेब्रुवारीच्या पाच तारखेला शिक्षणखात्याचे साहेब पाहणीला येणार होते. छप्पर नसेल तर मान्यता नाही आणि मान्यता नसेल तर सातवीच्या अकरा मुलींना इथून फायनल परीक्षेला बसता येणार नाही, इतका सरळ हिशेब होता.

छपराचे पत्रे मंजूर झाले ते माझ्या अर्जामुळे, हे इथे नमूद करतो. अर्जाला वजन यावं म्हणून 'सोसायटीकडे स्वतःची मोटार लॉरी आहे' असं एक भारदस्त वाक्य मी घातलं होतं. मंजुरी लिहिणाऱ्या कारकुनाने ते जसंच्या तसं उचललं: पत्रे दापोडीच्या गोदामातून सोसायटीच्या स्वतःच्या मोटार लॉरीतूनच, सेक्रेटरीच्या सहीने, एकतीस जानेवारीच्या आत न्यावेत, अन्यथा मंजुरी रद्द. ज्योतीराम गाडीवान तीन बैलगाड्या घेऊन फुकट यायला तयार होता. "म्हनलं पोरींचं काम हाय," तो म्हणाला. पण बैलगाडीला गोदामाच्या फाटकातसुद्धा घेईनात. कागदाप्रमाणे ते बरोबरच होतं. मसुदा माझा होता.

आणि जानेवारीच्या पाच तारखेला, पत्रे आणायला निघालेली लॉरी पिंपरीत मुंबई रस्त्यावर दोन बार काढून गप्प झाली.

ढकलत ढकलत ती युनूसच्या शेडपर्यंत नेली. युनूस हा पिंपरीचा मिस्त्री. वडील, आजोबा टांग्याची चाकं बसवत, हा मोटारी बसवतो. लॉरी हाकतोही तोच. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि निकाल दिला.

"डिलको गेलाय, साहेब."

"काय गेलंय?"

"डिलको. करंट वाटायचं काम त्याचं. ठिनगी पाडायला सहा पिलग हायेत, एकेकाला पाळीनं देतो. आता बुश खाल्लंय, टोपी तडकलीया. कुनाला देतोय, कुनाला न्हाई."

लॉरीबरोबर तिचं लष्करी इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. ते वाचलेला चिंचवडात मी एकटा. मी 'डी' अक्षर काढलं. 'डिफरन्शियल' होतं, 'डिस्ट्रिब्यूटर' होतं, 'डिलको' नव्हतं. मी पुस्तक युनूसपुढे धरलं आणि म्हटलं, "यात डिलको नाही. करंट वाटणाऱ्या भागाला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात."

"तेच ते, साहेब."

"तेच कसं? तेच असतं तर पुस्तकात आलं असतं. छापून आलंय ते काय खोटं?"

"पुस्तक लिवनारा कवा पिंपरीला आला हुता?" युनूस हात पुसत म्हणाला. "आमी समदे डिलकोच म्हनतो. माझ्याकडं एक हाय. भंगारातल्या लॉरीचा, पन नवा करून ठेवलाय. बुश नवं, पॉइंट नवे, टोपी नवी. आज बसवतो, उद्या पत्रे आना."

बावीस वर्षं इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेला उभं राहून कोणी सांगावं की पुस्तक चुकलं? शिवाय गरज डिस्ट्रिब्यूटरची, गळ्यात मारतोय डिलको, तोही वापरलेला! मी लॉरीची किल्ली काढून घेतली, जानव्याला बांधली आणि बजावलं, "नवा डिस्ट्रिब्यूटर आल्याशिवाय ही लॉरी चालू होणार नाही." जानव्याला किल्ली बांधण्याची चाल आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची आहे. तिजोरी नव्हती, पण किल्ली बांधलेली असे.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर सभा भरली. बोलावलं कोणी नव्हतं. मारुतराव रेल्वेचे निवृत्त गार्ड, समोरच राहणारे. उद्धवराव शेजारचे, पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. त्यामुळे त्यांना कोणताही प्रश्न स्थळाच्या रूपातच दिसतो.

"म्हणजे वामनराव, एक कोरा आहे आणि एक बिजवर आहे," उद्धवराव म्हणाले. "माझं ऐका. बिजवर करू नये. पहिल्या घरी लागलेल्या सवयी जात नाहीत. पहिली गाडी कशी चालली होती, ती का मोडली, दोष कोणाचा, आपल्याला काय ठाऊक?"

"अहो, पण बिजवर अनुभवी असतो," मारुतराव म्हणाले.

"अनुभवी म्हणजे झिजलेला."

इथे उद्धवरावांना एका गोष्टीचं भान राहिलं नाही. मारुतराव स्वतः बिजवर. ते अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले, आणि पुढे पंधरा दिवस आमच्या घराकडे पाठ करून दात घासत होते. सकाळी सकाळी ती पाठ पाहणं मोठं क्लेशाचं होतं.

आत फोडणी देता देता आमच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, "बिजवर असला तरी संसार करतो ना? सदतीस मुलींचा प्रश्न आहे. करून टाका." बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं मी त्या वेळी म्हणालो. ते वाक्य आमच्या घरात त्यानंतर रोज मला परत मिळतं आहे.

पुण्याच्या दुकानदाराने सांगितलं, की नवा माल परदेशी, नियंत्रणातला. पुरवठा कचेरीचं पत्र आणलंत तर मिळेल. पत्र म्हणताच माझ्या अंगात बळ आलं. त्या रात्रीच मी मसुदा केला. पहिल्या खर्ड्यात लॉरीचा उल्लेख होता, नाही असं नाही. पण आटोपशीरपणा हे माझं ब्रीद, म्हणून फाफटपसारा काढला. उरलं ते असं: 'सोसायटीच्या निकडीच्या गरजेसाठी एक डिस्ट्रिब्यूटर त्वरित मंजूर व्हावा.' आता सांगा, यात चूक कुठे आहे?

बारा तारखेला दुर्गाबाई घरी आल्या. बाई उंच, काटक, आवाज सदतीस मुलींना पुरणारा. बसल्याच नाहीत.

"युनूसभाईंनी डिलको बसवलाय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं बसवायला. किल्ली द्या आणि सहीला चला."

"माझ्या परवानगीवाचून? काढायला सांगा तो!"

"काढणार नाही."

"मग किल्ली मिळणार नाही. अर्ज गेला आहे. डिस्ट्रिब्यूटर येईल. आपली संस्था आहे, बाई. तिच्या लॉरीत भंगार फिरवायचं नाही."

दुर्गाबाईंनी आवाज खाली आणला. म्हणाल्या, "वामनराव, सातवीत अकरा जणी आहेत. मान्यता हुकली तर त्यांना परीक्षेला पुण्याला जावं लागेल. एकीचाही बाप पाठवणार नाही. उन्हाळ्यात उद्धवराव त्यांची लग्नं जुळवतील. तुमच्या अर्जाला उत्तर येईल तेव्हा त्या कुठल्या कुठल्या गावी भाकऱ्या थापत असतील."

मला काय ते कळत नव्हतं? पण कळत होतं म्हणूनच मी कच्चं काम होऊ देत नव्हतो. तसं मी म्हणालोही. त्या तडक निघाल्या आणि जाताना मारुतरावांशी हसून बोलल्या, हे मला फार लागलं.

एकोणीस तारखेला पुरवठा कचेरीचे इन्स्पेक्टर आले. मालोजीराव नाव. सायकल, खाकी कोट, कानाला पेन्सिल. माझ्या अर्जाची चौकशी करायला सरकारने स्वतंत्र माणूस पाठवला हे पाहून माझी छाती भरून आली. बाईंना बोलवावं असंही वाटलं.

"माल ठेवणार कुठे?" त्यांनी वही उघडून विचारलं.

"बॉनेटखाली."

"जागा कोरडी आहे ना? ओल चालत नाही."

"अगदी कोरडी. ओल लागली तर सगळा कारभारच बंद पडतो, मला ठाऊक आहे." मी पुस्तक पाठ केलं होतं.

"घेणारे किती?"

"सहा."

"सहाच?"

"सहाच. पण त्या सहांना वेळेवर मिळालं, तर सदतीस मुलींचं कल्याण होईल."

त्यांनी 'सहा कुटुंबं' असं काहीसं लिहिलं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. "वाटप कसं करणार? रांगेने?"

"छे, छे! रांगेने दिलं तर फार हादरे बसतात. क्रम ठरलेला आहे. आधी एक, मग पाच, मग तीन, सहा, दोन आणि शेवटी चार."

मालोजीरावांनी कानाची पेन्सिल काढून ती वहीवर टेकवली. "धक्काबुक्की होऊ नये म्हणून?"

"बरोबर. एकाच बाजूला भार येत नाही."

"वा!" ते म्हणाले. "वीस वर्षांत हा विचार कोणी केलेला पाहिला नाही. गळतीचं काय?"

"गळती होती," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "टोपीला तडा गेला होता, तिथून जात होतं. म्हणून तर नवा मागितला."

टोपीचं त्यांना काय कळलं ते देव जाणे, पण ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "गळती कबूल करणारा पहिला माणूस भेटला. तुमची शिफारस आजच करतो."

मी त्यांना चहा दिला. दोनदा दिला.

मालोजीराव जाताना मारुतरावांच्या ओट्यावर बोलत थांबले होते, एवढंच मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गावाची वागणूक बदलली. मारुतरावांची पाठ फिरली आणि तोंड दिसू लागलं. उद्धवराव तीन वेळा येऊन प्रकृती विचारून गेले. संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. आमच्याकडे एरवी वीस बायका येतात, यंदा साठ आल्या, आणि प्रत्येकीच्या पदराखाली वाटी. "आता काय, तुमचीच सत्ता," असं त्या रुक्मिणीबाईंना म्हणत. मला वाटलं, शिक्षणाच्या कामाची गावाला अखेर किंमत कळली. डोळे भरून आले होते, खरं सांगतो.

एकोणतीसला पत्र आलं. 'डिस्ट्रिब्यूटर मंजूर. पुण्याच्या गोदामात उद्या समक्ष येऊन ताबा घ्यावा.' मी ते दुर्गाबाईंना शाळेत जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

नाजूक वस्तू म्हणून मी रुक्मिणीबाईंचं मऊ जुनं लुगडं बरोबर घेतलं होतं, गुंडाळून मांडीवर आणण्यासाठी. गोदामाच्या कारकुनाने सही घेतली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे बारा पोती रचलेली होती.

"यात कोणत्या पोत्यात आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांत."

"डिस्ट्रिब्यूटर?"

"साखर," तो म्हणाला. "डिस्ट्रिब्यूटर तुम्ही."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं. आधी इंग्रजीत, मग खास माझ्यासाठी मराठीत: "वितरक, अहो, वितरक! चिंचवडच्या रेशनच्या साखरेचे वितरक. आधी सहा कुटुंबांवर प्रयोग करून बघायचाय, मग साऱ्या गावाला, इन्स्पेक्टरसाहेबांचा फार चांगला शेरा आहे." मग त्याने कागद पाहिला. "आणि पोती सोसायटीच्या स्वतःच्या मोटार लॉरीतून न्यायची. तसं लिहिलंय, तुमच्या पत्र्यांच्या अर्जावरून."

लॉरी चालवायला डिस्ट्रिब्यूटर हवा, म्हणून मी अर्ज केला. सरकारने मलाच डिस्ट्रिब्यूटर केलं. आणि आता मला न्यायला लॉरी हवी! मी तिथेच एका पोत्यावर बसलो. कारकुनाने उठवलं. साखरेवर बसायला मनाई होती.

घरी ओसरीवर उद्धवराव, मारुतराव आणि अठरा वाट्या वाट पाहत होत्या. माझ्या हातात नुसतं लुगडं पाहून सभा उठली. "साखर कुठं मुरली?" असं जाताना कोणीतरी म्हणालं. माझ्या घरासमोर! माझ्याबद्दल! त्या रात्री मी जेवलो नाही. पण खरं सांगू का, मला साखरेचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकतीस तारीख होती आणि त्या अकरा मुलींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

सकाळी आठाला मी युनूसच्या शेडवर होतो. दुर्गाबाई आधीच तिथे उभ्या होत्या. त्यांनी खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

"युनूस," मी खाकरून म्हटलं, "तो तुझा डिलको..."

"जाग्यावर हाय, साहेब. बारा तारखेपासून. तारा जोडून बी चालू केली असती, पन बाई म्हनल्या, सेक्रेटरींची गाडी चोरून काढायची न्हाई. सही बी तुमचीच लागती. किल्ली तेवढी द्या."

किल्ली! मी कोट काढला, सदऱ्याची बटणं काढली, जानवं बाहेर ओढलं. सव्वीस दिवस रोज अंघोळीचं पाणी पिऊन ती गाठ दगडासारखी झाली होती. मी नखं लावली. बाईंनी केसांतला आकडा दिला. युनूसने पक्कड आणली, पण जानव्याला पक्कड लावू देईना माझं मन. जानवं तोडता येईना, उतरवून ठेवता येईना, गाठ सुटेना. दहा वाजत आले.

"साहेब," युनूस शांतपणे म्हणाला, "किल्ली निघत न्हाई तर तुमीच वर या."

मी उघड्या सदऱ्याने लॉरीत चढलो, पुढे वाकलो, आणि जानव्यासकट किल्ली भोकात घातली. युनूसने खाली हँडल मारलं. एकदाच. आणि ती लॉरी अशी सुरू झाली, अशी गोड, एकसारखी, जणू सहा भाऊ एका ताटात जेवताहेत. किल्ली काढली की लॉरी बंद पडणार, आणि पुन्हा खटपट करायला वेळ नव्हता. पिंपरीहून दापोडीपर्यंत भर मुंबई रस्त्याने मी लॉरीला बांधलेला गेलो. ओणवा, कपाळ काचेला टेकलेलं, प्रत्येक खड्ड्याला नमस्कार करत. नेमक्या त्याच दिवशी पिंपरी कँपाचा बाजार होता. मागे हौद्यात उभ्या राहिलेल्या दुर्गाबाईंचा आवाज येत होता. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याने कागद पाहून विचारलं, "लॉरी सोसायटीचीच ना? सेक्रेटरी कोण?"

"ते काय आत," युनूस म्हणाला. "लॉरीलाच बांधल्यात."

मी ओणव्यानेच सही केली. बावीस वर्षांत इतकी वाकडी सही मी केलेली नाही.

चार फेब्रुवारीला पत्रे चढले. पाचला साहेब आले, वर पाहिलं, मान हलवली आणि मान्यता दिली. मार्चमध्ये अकराच्या अकरा जणी फायनलला बसल्या. उद्धवरावांना त्या उन्हाळ्यात काम कमी पडलं. डिलकोने, बिजवर असूनही, कुरकुर केली नाही. मारुतराव हे भेटेल त्याला सांगतात.

राहिली साखर. मी पुरवठा कचेरीला शेवटचं पत्र लिहिलं. या वेळी आटोपशीरपणा बाजूला ठेवून सत्य लिहिलं: 'मला डिस्ट्रिब्यूटर नेमू नये. आम्हाला डिस्ट्रिब्यूटरची गरज उरलेली नाही. ते काम आता डिलको उत्तम रीतीने करीत आहे.' आठ दिवसांनी उत्तर आलं. वर नाव होतं, 'श्री. डिलको यांस, द्वारा सेक्रेटरी, कन्याशाळा सोसायटी.' आणि खाली: 'आपली वितरक म्हणून नेमणूक या कचेरीने केल्याचे आढळत नाही. तरी आपण कोणाच्या हुकुमाने वाटप करीत आहात, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा.'

मी दौत ओढली, टाक उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग कागद घेऊन सरळ पिंपरीला गेलो आणि युनूसला वाचून दाखवला.

त्याने हात पुसले. जरा विचार केला. "जातो की. मीच वाटप करायला लावलं, मलाच जायला पायजे. पन साहेब, तितं इचारलं तर काय सांगू? डिलको का डिस्ट्रिब्यूटर?"

"युनूसभाई," मी म्हटलं, "तेच ते."